काकांनी आरसा पाहिला होता, तरीही

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढले आहेत):

वडिलांच्या मागे मालवाहतुकीचा धंदा मी सांभाळते. अकरा लॉऱ्या, चौदा ड्रायव्हर. दोन महिन्यांपूर्वी आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरच्या गाडीखाली एक सायकलवाली मुलगी सापडली. सिग्नल सुटला, गाडी डावीकडे वळली आणि ती डाव्या अंगाला होती. पाय दोन ठिकाणी मोडला, जीव वाचला. या ड्रायव्हरना मी लहानपणापासून काका म्हणते. ते एकच सांगतात, "आरशात बघितलं होतं, कोणी नव्हतं." एकोणतीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नाही. परवा त्यांना पुन्हा गाडीवर बसवलं, तर डावं वळण आलं की हात थरथरत होते असं क्लीनर सांगतो. भाऊ म्हणतो, त्यांना कमी करा. एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली आहे की शहरात माल आणणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरने पादचारी आणि सायकलवाल्यांसोबत रस्ता वापरण्याचं प्रशिक्षण घ्यायचं. ड्रायव्हर भडकलेत. "वीस-वीस वर्षं गाडी मारतोय, आम्हाला काय शिकवणार? शिकवायचं तर सायकलवाल्यांना शिकवा." मलाही वाटतं, वर्गात दिवस घालवण्यापेक्षा त्याच पैशांत सगळ्या गाड्यांना कॅमेरे बसवावेत. मी काय करू?

ताई,

काकांवर विश्वास ठेवा. त्यांनी आरशात बघितलं असणार, आणि आरशात कोणी नसणारच. मुलगी मात्र तिथेच होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे जोवर तुमच्या, तुमच्या भावाच्या आणि बाकी तेरा ड्रायव्हरांच्या गळी उतरत नाही, तोवर कॅमेरा घ्या नाहीतर वर्ग घ्या, पुढचं डावं वळण तितकंच धोक्याचं राहील. (तुमच्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून मी डावं वळण म्हणते आहे. उजवीकडून चालणाऱ्या देशांतल्या वाचकांनी उजवं वाचावं. कडेला चिकटून घेतलेलं वळण, एवढंच महत्त्वाचं.)

मी चालक-प्रशिक्षणाच्या कामाला लागले त्या पहिल्याच वर्षी एका शिक्षकांनी मला उंच केबिनच्या लॉरीत बसवलं. म्हणाले, डोळे मिट. मिनिटभराने म्हणाले, उघड, सगळे आरसे बघ आणि सांग गाडीभोवती किती जण आहेत. मी मान वळवून वळवून बघितलं. घाई नव्हती, रहदारी नव्हती, मागून कोणी हॉर्न देत नव्हतं. मी म्हणाले, दोन. खाली उतरले तर सात जण उभे होते, त्यातले तिघे सायकल घेऊन. एक जण पुढच्या बंपरला हात टेकून उभा होता. मी बसले होते तिथून त्याचा डोक्याचा केसही दिसला नव्हता. आणि एक बाई डाव्या दाराला अगदी खेटून होती. दाराचा पत्रा माझ्या नजरेच्या आणि तिच्या मध्ये होता, आणि आरशात जो भाग येत होता तो तिच्या मागे, दोन पावलांवर सुरू होत होता.

हा डोळ्यांचा दोष नव्हता. केबिन जितकी उंच, खिडकीची खालची कड जितकी वर, तितकी जवळची जमीन झाकली जाते. लंडनमध्ये याच गोष्टीवर नियम केला आहे. १२ टनांवरच्या लॉऱ्यांना केबिनमधून थेट किती दिसतं यावरून शून्य ते पाच तारे देतात. १ मार्च २०२१ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि २८ ऑक्टोबर २०२४ पासून तीनपेक्षा कमी तारे असलेल्या गाडीला सेन्सर-कॅमेऱ्यांची जादा व्यवस्था बसवल्याशिवाय शहरात फिरता येत नाही. म्हणजे "दिसलं नाही" हे वाक्य तिथे निमित्त म्हणून झटकून टाकलेलं नाही. किती दिसत नाही ते मोजलं आहे.

आता तो सिग्नल डोळ्यांपुढे आणा. गाडी उभी आहे. काकांनी डावा आरसा बघितला, रिकामा. मग उजवीकडे बघितलं, समोर बघितलं, पुन्हा सिग्नल. यात तीन-चार सेकंद सहज गेले. निवांत चालवणारी सायकल ताशी १५ किलोमीटरने येते, म्हणजे सेकंदाला चार मीटर. तीन सेकंदांत बारा मीटर. जी मुलगी आरसा बघताना गाडीच्या शेपटीमागे होती, ती दिवा हिरवा होईस्तोवर पुढच्या चाकाशी येऊन थांबली, नेमकी त्या जागी जिथे आरसाही पोचत नाही. आरशात बघितलेलं चित्र शिळं व्हायला तेवढा वेळ पुरतो.

त्यात डोळ्यांची आणखी एक खोड आहे. नजर एका आरशावरून दुसऱ्या आरशावर झटकन उडी मारते तेव्हा मधल्या क्षणी मेंदू चित्र घेतच नाही. घेतलं असतं तर सगळं पुसट दिसलं असतं. ती पोकळी तो आपणहून भरून काढतो आणि आपल्याला वाटतं, आपण सलग बघितलं. म्हणून नजर फिरवणं आणि बघणं यांत फरक आहे. प्रत्येक आरशावर क्षणभर नजर टेकवावी लागते.

पुढच्या काचेच्या बाजूचा खांब तर याहून वाईट. चौकात गाडी सावकाश वळत असते, पादचारी सावकाश रस्ता ओलांडत असतो, आणि दोघांचा वेग असा जुळून येतो की तो माणूस खांबाआडून बाहेर पडतच नाही. गाडी वळते तसा खांब त्याच्यासोबत सरकतो. यावर उपाय बिनपैशाचा आहे. वळणाआधी ड्रायव्हरने सीटवर अंग पुढे-मागे हलवायचं, एकदा स्टिअरिंगकडे झुकायचं, एकदा मागे टेकायचं. खांबामागची जागा उघडी पडते. पण हे कोणी शिकवलं तरच सुचतं. वीस वर्षं गाडी मारून आपोआप येत नाही.

हा अनुभवाचा मुद्दा मला जरा सावकाश मांडू द्या, कारण तुमचे ड्रायव्हर आणि तुम्ही स्वतःही त्यावरच टेकून आहात. एकोणतीस वर्षांत ओरखडा नाही. यातून काय सिद्ध होतं? काका चांगले चालवतात हे तर होतंच. पण आणखीही काही असेल. त्या एकोणतीस वर्षांत किती सायकलवाल्यांनी त्यांच्या डाव्या चाकाशेजारी ब्रेक दाबून, पाय टेकून, फुटपाथवर चढून जीव वाचवला असेल, ते काकांना माहीत नाही. माहीत असायचं कारणच नाही. केबिनमध्ये त्यातलं काही ऐकू येत नाही. ज्या चुकीची किंमत दुसरा कोणी मुकाट्याने भरतो, ती चूक अनुभवात जमा होत नाही. म्हणून वीस वर्षांचा ड्रायव्हर गिअर, चढ, वजन, ब्रेक यांत वाकबगार असतो आणि डाव्या अंगाच्या त्या दीड-दोन मीटरबद्दल कदाचित पहिल्या दिवशी होता तिथेच असतो. हे त्यांना अपमान वाटू न देता सांगता येतं. मी स्वतः असंच सांगते: तुम्हाला गाडी चालवायला शिकवत नाही आहोत, तुम्हाला आजवर जे कोणी सांगितलं नाही ते दाखवतो आहोत.

"सायकलवाल्यांना शिकवा" यातही तथ्य आहे आणि त्यासाठी ड्रायव्हरांना गप्प बसवू नका. लंडनच्या पोलिसांनी सायकलस्वारांना लॉरीच्या केबिनमध्ये बसवून तिथून काय दिसतं ते दाखवण्याचा उपक्रम वर्षानुवर्षं चालवला. नेदरलँड्समध्ये शाळकरी मुलांना लॉरीच्या ब्लाइंड स्पॉटचे, म्हणजे ड्रायव्हरला न दिसणाऱ्या जागांचे, धडे देतात. पण रस्त्यावर आठ वर्षांचं पोर असतं, कमी ऐकू येणारे आजोबा असतात, आज पहिल्यांदाच सायकल घेऊन निघालेलं कोणी असतं. या सगळ्यांना शिकवून होईस्तोवर थांबता येणार नाही. तुमच्या चौदा जणांना या महिन्यात शिकवता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगभरात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मेली, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त पायी, सायकलवर किंवा दुचाकी-तीनचाकीवर होती. अंगाभोवती पत्रा नसलेली माणसं. चूक कोणाचीही असो, हाड त्यांचंच मोडतं. त्यामुळे जास्त काळजी घेण्याचा भार वजनदार गाडीकडे येतो.

आता कॅमेरे. मी कॅमेऱ्यांच्या विरोधात नाही, जरूर बसवा. सायकल डाव्या अंगाला आली की ड्रायव्हरला सूचना देणारी यंत्रणा आणि गाडी हलवताना पुढ्यात माणूस असल्यास इशारा देणारी यंत्रणा, या दोन्ही जुलै २०२४ पासून युरोपीय संघात नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या लॉरीत सक्तीच्या आहेत. त्या उगाच केलेल्या नाहीत. पण "प्रशिक्षणाऐवजी कॅमेरा" या तुमच्या हिशेबात एक गृहीत दडलं आहे: पडद्यावर दिसलं म्हणजे ड्रायव्हरला दिसलं. लंडनच्या वाहतूक प्राधिकरणासाठी लीड्स विद्यापीठाने सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवल्याचा भास देणाऱ्या यंत्रावर, ड्रायव्हर बसवून हेच तपासलं होतं. खिडकीतून थेट माणूस दिसला तेव्हाच्या तुलनेत आरशातून किंवा पडद्यातून दिसला तेव्हा ब्रेकवर पाय जायला सरासरी ०.७ सेकंद जास्त लागले. ताशी २४ किलोमीटरला तेवढ्यात लॉरी आणखी ४.७ मीटर पुढे जाते. एक आख्खी सायकल आणि तिच्यावरचा माणूस त्या अंतरात दोनदा मावतो.

शिवाय केबिनमध्ये आधीच सहा आरसे, त्यात पडदा, त्यात पीं-पीं करणारा सेन्सर. कठड्याशी पीं, खांबाशी पीं, उभ्या गाडीशी पीं. आठवड्याभरात ड्रायव्हरचा कान तो आवाज गाळायला शिकतो, आणि एखादा जण त्याच्यावर फडकं कोंबतो. मी असं कोंबलेलं फडकं पाहिलं आहे. कुठला पडदा कधी बघायचा, आरसा आधी की पडदा, सूचना वाजली तर काय करायचं, हे शिकवल्याशिवाय यंत्र बसवू नका. म्हणजे पैसे थोडेच असतील तर आधी प्रशिक्षण, मग यंत्र.

आणि यंत्राच्याही आधी एक काम या आठवड्यात करा, याला खर्च नाही. सगळ्या गाड्यांच्या डाव्या खिडक्या आणि पुढच्या काचा बघा. पडदे, झालरी, चिकटवलेले कागद, डॅशबोर्डवर ठेवलेल्या पावत्यांच्या चळती, लोंबणाऱ्या माळा. यातलं प्रत्येक काहीतरी झाकतं. मग आवारात गाडी उभी करून ड्रायव्हरला सीटवर बसवा आणि कोणालातरी खडू देऊन गाडीभोवती चालायला लावा. ड्रायव्हर "दिसत नाही" म्हणेल तिथे रेघ मारायची. आरसे हलवून ती रेघ जमेल तितकी गाडीकडे आणायची. उंच ड्रायव्हरचा आरसा बुटक्या ड्रायव्हरला लागू पडत नाही, म्हणून पाळी बदलली की आरसा बदलला पाहिजे. शेवटी जी जागा खडूने भरलेली उरेल तिथे गाडीच्या सगळ्या ड्रायव्हरांना उभं करा. फोटो काढा. हे तुमचं पहिलं प्रशिक्षण झालं.

आता खऱ्या प्रशिक्षणाबद्दल, कारण नावाला प्रशिक्षण देणारेही पुष्कळ आहेत. लंडनमध्ये बांधकामाच्या आणि मालाच्या लॉऱ्यांसाठी जो अभ्यासक्रम रुळला त्याचा अर्धा दिवस वर्गात जातो आणि उरलेला अर्धा दिवस ड्रायव्हर सायकलवर बसतो, खऱ्या रस्त्यावर, शिक्षकाच्या मागे. तुम्ही ज्या संस्थेला बोलावाल तिला पहिला प्रश्न हाच विचारा: ड्रायव्हर सायकलवर बसणार की नाही? नुसती चित्रफीत आणि शेवटी सही असेल तर गिऱ्हाइकाची अट पुरी होईल, बाकी काही होणार नाही.

सायकलवर बसवून काय होतं ते एका प्रसंगातून सांगते. एका गटात पन्नाशीचे एक ड्रायव्हर होते. सकाळी वर्गात त्यांची तक्रार एकच, "सायकलवाले कडेने चालता चालता मध्येच का येतात? सरळ रेषेत चालवता येत नाही का?" दुपारी त्यांना सायकल दिली. पहिल्या शंभर मीटरमध्ये गटाराची जाळी आली, तिच्या सळ्या चाकाच्या दिशेने. त्यांनी सायकल आत घेतली. पुढे उभ्या गाडीचं दार उघडलं, पुन्हा आत. मग एक ट्रक शेजारून गेला. जोरात नव्हता, पण त्याच्या वाऱ्याने हँडल डुगडुगलं आणि त्यांनी दोन्ही पाय जमिनीला लावले. परतल्यावर ते म्हणाले, "ती जाळी मी रोज केबिनमधून बघतो." एवढंच म्हणाले. त्यानंतर वर्गात त्यांनी स्वतःच फळ्यावर त्यांच्या रोजच्या वाटेवरच्या जाळ्या, खड्डे आणि बस थांबे काढून दाखवले, सायकल कुठे कुठे आत येणार ते आधीच कळावं म्हणून. हे कुठल्याही व्याख्यानाने झालं नसतं.

दुसरी गोष्ट मागच्या चाकांची. तुमच्या ड्रायव्हरांना ती ठाऊक आहे, इतकी ठाऊक की ती दुसऱ्याला ठाऊक नसेल हे त्यांच्या ध्यानात येत नाही. लांब गाडी डावीकडे वळताना आधी उजवीकडे झोका घेते. सायकलवाल्याला वाटतं, हा उजवीकडे चालला, आपल्याला जागा दिली. तो पुढे सरकतो. मग गाडी डावीकडे येते आणि मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून, कडेला घासत जातं. त्या कोपऱ्यात सायकल अडकते. चांगला शिक्षक आवारात पाण्याने चाकं ओली करून दोन्ही चाकांचे माग जमिनीवर दाखवतो. तुमच्या गाड्यांवर, तुमच्या आवारात दाखवायला सांगा. दुसऱ्या कुठल्या गाडीचं चित्र बघून ते मनावर बसत नाही.

एक दिवस पुरणार नाही, हेही सांगून ठेवते. युरोपात व्यावसायिक चालकांना दर पाच वर्षांत ३५ तास प्रशिक्षण घ्यावं लागतं, म्हणजे तिथेही एकदा शिकून संपत नाही. पण तिथे ब्रिटनमध्ये तोच सात तासांचा वर्ग पाच वेळा करून तास भरणारेही निघाले. तुम्ही तास मोजू नका. महिन्याने शिक्षकाला किंवा सगळ्यांचा विश्वास असलेल्या एखाद्या ड्रायव्हरला केबिनमध्ये शेजारी बसवून एक खरी खेप करून बघा. नजर टेकते की फिरते, वळणाआधी अंग हलतं की नाही, ते तिथे दिसतं.

इथपर्यंत सगळं ड्रायव्हरांबद्दल झालं. आता तुमच्याबद्दल. पत्रात तुम्ही एका गोष्टीबद्दल काहीच लिहिलेलं नाही: त्या दिवशी काकांना कुठे, किती वाजता पोचायचं होतं? तुमच्याकडे पगार महिन्याचा आहे की खेपेवर? उशीर झाला की ऑफिसातून फोन जातो का, आणि तो फोन कोण करतं?

हे मी ठपका ठेवायला विचारत नाही. मी अनेक कंपन्यांत बघितलं आहे, सोमवारी प्रशिक्षण होतं आणि मंगळवारी सकाळी नऊला "अजून पोचला कसा नाहीस?" म्हणून फोन जातो. त्या एका फोनने आख्खा सोमवार धुऊन निघतो. ड्रायव्हर मूर्ख नसतो, मालकाला खरं काय हवंय ते त्याला बरोबर कळतं.

जर्मनीने २०२० मध्ये एक नियम केला. साडेतीन टनांवरच्या गाडीने वस्तीत उजवीकडे वळताना, जिथे सायकल किंवा पादचारी असू शकतात तिथे, चालत्या माणसाच्या वेगाने वळायचं. तिथे उजवं वळण म्हणजे आपलं डावं. हा नियम तुमच्या देशात नसला तरी तुमच्या कंपनीत तुम्ही आजच करू शकता. वेळ किती जाईल, हिशेब करून बघू. वीस मीटरचं वळण ताशी २० किलोमीटरने घेतलं तर साडेतीन सेकंद लागतात, ताशी ८ ने घेतलं तर नऊ. वळणामागे साडेपाच सेकंद. दिवसात अशी तीस वळणं आली तर पावणेतीन मिनिटं. तुमच्या वेळापत्रकात तेवढी जागा काढा आणि ती काढली आहे असं ड्रायव्हरांना सर्वांसमोर सांगा. गाडी चालू असताना ऑफिसातून फोन जाणार नाही हेही सांगा, आणि पाळा. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी त्या रस्त्यांवर माल उतरवणं टाळता येतं का, गिऱ्हाइकाशी बोला. ज्याने प्रशिक्षणाची अट घातली तो याबद्दल ऐकून घेईल, नाही घेतलं तर मला नवल वाटेल. अवघड डावी वळणं टाळून थोडा लांबचा रस्ता धरता आला तर तो धरा.

अजून एक वही ठेवा. थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची. कोणत्या चौकात, काय झालं, एवढंच. नाव लिहायचं नाही, शिक्षा नाही, ओरडा नाही. पहिले दोन आठवडे कोणी काही लिहिणार नाही. मग एक जण लिहील, आणि त्याला तुम्ही काय म्हणता याकडे बाकीचे बघत असतील.

यावरूनच भावाच्या सल्ल्याकडे येते. काकांना काढलं तर दोन गोष्टी होतील. गाडीभोवतीची न दिसणारी जागा जशीच्या तशी राहील आणि त्याच गाडीवर तुम्ही दुसरा ड्रायव्हर बसवाल. आणि उरलेले तेरा जण शिकतील की काही घडलं तर लपवायचं. ती वही कायमची कोरी राहील. पण काकांना पाठीशी घालून "जाऊ द्या, नशीब" म्हणणं हाही मार्ग नाही. पोलीस आणि विम्याचं जे चाललं असेल ते सरळ चालू द्या, त्यात काकांना काही वेगळं बोलायला लावू नका. त्यांचे डोळे तपासून घ्या. नुसती अक्षरं वाचण्याची तपासणी नको, बाजूचं किती दिसतं तीही हवी, कारण नजरेची कड हळूहळू आत सरकत गेली तर माणसाला स्वतःला ते कळत नाही. आणि कृपा करून आत्ता त्यांना शहरात गाडीवर पाठवू नका. हात थरथरत असताना तुम्ही त्यांना बसवलंत, ते बसलेही, कारण ते तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. त्यांना समुपदेशकाकडे न्या. "ड्रायव्हर लोकांना असलं काही लागत नाही" असं ते म्हणतील, तरी न्या. पुढे परत गाडी चालवायची की आवारातलं काम बघायचं, हे तपासण्या झाल्यावर, शेजारी कोणी बसून काही खेपा केल्यावर, त्यांच्याशी बोलून ठरवा. आवारात नव्या ड्रायव्हरांना गाडीभोवतीची खडूची रेघ दाखवायला काकांइतका योग्य माणूस तुम्हाला मिळायचा नाही. पण ते त्यांना सोसलं तरच. आपली गोष्ट सगळ्यांपुढे सांगायचा आग्रह धरू नका.

त्या मुलीबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत. वकिलांना विचारून, त्यांच्यामार्फतच, तिच्या उपचारांची आणि बुडालेल्या कामाची चौकशी करा. काकांना तिच्या घरी माफी मागायला पाठवू नका. ती माफी तिच्यावर ओझं होईल. पण कधी पुढे तिनेच बोलायची इच्छा दाखवली, तर ऐकून घ्या. उजवीकडे झोका घेणारी गाडी तिला कशी दिसली, इंडिकेटर तिला दिसला का, तो गाडीवर किती उंचीवर होता, हे तुम्हाला तिच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

हे सदर सायकलवालेही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडंसं. सिग्नलला उभ्या मोठ्या गाडीच्या कडेने, कठडा आणि चाक यांच्या मधल्या फटीतून पुढे जाऊ नका, फट कितीही रुंद दिसली तरी. मागे थांबा, किंवा इतके पुढे जा की मान वळवल्यावर ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसेल. चेहरा दिसला म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलं असं नाही. पण दिसत नसेल तर तो तुम्हाला थेट पाहूच शकत नाही.

ताई, प्रशिक्षणाची तारीख ठरवताना ड्रायव्हरांचं त्या दिवसाचं वेतन कापू नका आणि तो दिवस त्यांच्या सुट्टीतून घेऊ नका. चौदाऐवजी सोळा सायकली मागवा. एक तुमच्या मापाची आणि एक तुमच्या भावाच्या. दुपारी रस्त्यावर निघताना तुम्ही दोघं पुढे राहा, आणि फोन ऑफिसातच ठेवून जा.